एक किलोची पिन, चाळीस टनांचा झटका

दिवाळी उलटली की यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीतून जाणाऱ्या नागपूर–तुळजापूर महामार्गावर पांढरे डोंगर चालू लागतात. कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली, वरून आवळलेले दोर, कडेने लोंबणारे कापसाचे झुपके आणि पुढे धापा टाकणारा ट्रॅक्टर. बघणाऱ्याची नजर त्या डोंगरावर खिळते. ज्या वस्तूच्या जिवावर हा डोंगर चालतो, ती मात्र कुणाच्या नजरेत येत नाही. ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीची दांडी यांना जोडणारी ती लोखंडी पिन तीस मिलिमीटर जाड आणि वीतभर लांब असते. वजनकाट्यावर ठेवली तर जेमतेम एक किलो शंभर ग्रॅम भरेल.

हंगामाच्या तोंडावर वेल्डिंगच्या दुकानात एक मागणी हमखास येते. "भाऊ, हा कंपनीचा हूक काढून टाक अन् असा जाडजूड बसव का हत्ती बांधला तरी तुटू नाही पाहिजे." जुना कारागीर असेल तर म्हणतो, "हूक नाही तुटनार. पन मंग दुसरं काहीतरी तुटन."

या उत्तरात किती खोल गणित आहे, ते आकडे मांडल्यावर कळतं. चला, मांडूनच बघू.

१,६०,००० खेपा

यवतमाळ जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून अधिक रान कापसाखाली असतं. कोरडवाहू शेतीचा हिशेब हेक्टरी दहा क्विंटलांचा धरला, तर चाळीस लाख क्विंटल कापूस होतो. ट्रॉलीत पंचवीस क्विंटल बसतो असं मानलं आणि सगळा कापूस ट्रॅक्टरनेच नेला असं धरलं, तर एका हंगामात खेपा होतील १,६०,०००. ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडी दहा मीटर लांब धरून या सगळ्या एकामागे एक उभ्या केल्या तर रांग सोळाशे किलोमीटरची होईल. तिचं शेपूट आर्णीत असेल आणि तोंड दिल्ली ओलांडून कुठल्या कुठे गेलेलं असेल. त्या रांगेत पिना असतील एक लाख साठ हजार.

इथे डोळे फसवतात. कापसाची ट्रॉली डोंगराएवढी दिसते, पण ट्रॉलीचं स्वतःचं दीड टन धरूनही काट्यावर चारच टन भरते. हंगाम संपला की तीच ट्रॉली मुरमाला जुंपली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एवढा मुरूम साधारण साडेचार टनांचा होतो. दीड ब्रास टाकला तर ट्रॉली वरून अर्धवट रिकामी वाटते आणि वजन मात्र आठ टनांवर गेलेलं असतं. रस्त्यावरचा माणूस कापसाच्या ट्रॉलीला बिचकतो आणि मुरमाच्या ट्रॉलीला बिनधास्त ओव्हरटेक करतो. पिनेला मात्र रंग, उंची, आकार काही कळत नाही. तिला फक्त वजन कळतं.

बैलांच्या किती जोड्या?

ओढ मोजायचं सोपं माप असं : विहिरीत दोराला शंभर किलोचं ओझं टांगलं की दोराला जेवढा ताण बसतो, ती शंभर किलोची ओढ.

दिवसभर काम करणारा बैल आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी ओढ सलग देऊ शकतो. चारशे किलोचा बैल चाळीस किलो, तर जोडी ऐंशी किलो. आपल्याकडच्या बंडीत आठ-दहा क्विंटल माल आणि बंडीचं स्वतःचं वजन धरून चौदाशे किलो होतात. कच्च्या वाटेवर वजनाच्या पाच टक्के ओढ लागते, म्हणजे सत्तर किलो. ऐंशी किलो देणाऱ्या जोडीला सत्तर किलोचं काम. बंडीत किती भरायचं हे जुन्या लोकांनी कागदावर मांडलं नव्हतं. बैलाच्या चालीवरून त्यांना ते कळत होतं.

आता आठ टनांची ट्रॉली घ्या. सपाट डांबरी रस्त्यावर रबरी चाकांना वजनाच्या दोन टक्के ओढ पुरते. म्हणजे एकदा चालू झाली की आठ टन पळवायला १६० किलो, बैलांच्या फक्त दोन जोड्या! खोटं वाटेल, पण डांबराची करामत हीच आहे.

तीच ट्रॉली पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात घाला. चाक रुतलं की ओढ पंधरा ते वीस टक्क्यांवर जाते. आठ टनांना १,२०० ते १,६०० किलो, म्हणजे बैलांच्या पंधरा ते वीस जोड्या. ट्रॉली तीच, पिन तीच आणि ओझंही तेच. फक्त खालची जमीन बदलली आणि ओढ साडेसात ते दसपट झाली.

अंतराळयान आणि काळं रान

१२ ऑक्टोबर २०१२ ची रात्र. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात निवृत्त झालेलं 'एंडेव्हर' हे अंतराळयान रस्त्याने संग्रहालयाकडे निघालं होतं. एका महामार्गावरचा पूल ओलांडताना ते टोयोटाच्या टुंड्रा नावाच्या पिकअपला जोडलं गेलं. गाडी कंपनीतून जशी निघाली तशीच होती. यान आणि त्याखालचा चाकांचा गाडा मिळून वजन सुमारे १३० टन. अशा पिकअपची ओढण्याची अधिकृत मर्यादा साडेचार टनांच्या आसपास असते. तिने जवळपास एकोणतीसपट वजन पाव मैल ओढून नेलं.

यात जादू नाही. गुळगुळीत रस्ता, चांगली चाकं आणि बैलगाडीची चाल. एक टक्का ओढ धरली तर १३० टनांना लागते १,३०० किलो. वरचा आकडा आठवा. आर्णीच्या ओल्या रानात आठ टनांची ट्रॉली काढायलाही १,२०० ते १,६०० किलोच लागतात. म्हणजे अंतराळयान ओढताना त्या पिकअपच्या हुकाला जेवढा ताण बसला, साधारण तेवढाच ताण आपल्या ट्रॅक्टरच्या हुकाला चिखलातून मुरूम काढताना बसतो. तिकडे त्याची जाहिरात झाली. इकडे ते रोजचं काम आहे.

अमेरिकेत हौशी लोक पिकअपचा कंपनीचा हूक काढून वरच्या वर्गाचा बसवतात. तिथे हुकांचे वर्ग ठरलेले आहेत. पहिला वर्ग सुमारे ९०० किलोंपर्यंतच्या ट्रेलरचा, दुसरा सुमारे १,६०० किलोंपर्यंतचा, आणि तिथून पुढे चढत जाणारे. पण मोठा हूक बसवला म्हणून गाडीची मर्यादा वाढत नाही. हूक, चौकट, ब्रेक आणि चाकं यांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच सगळ्या गाडीची मर्यादा.

पिन किती सोसते?

तीस मिलिमीटर जाडीच्या पिनेचा छेद ७०७ चौरस मिलिमीटर. ती वरच्या आणि खालच्या अशा दोन पट्ट्यांतून जाते, त्यामुळे तुटायची तर दोन जागी तुटावी लागते. साध्या लोखंडाचा एक चौरस मिलिमीटर कापायला साधारण साडेचोवीस किलोंची ओढ लागते. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे ३५ टन. रोजची ओढ १६० किलोंची, फार तर दीड टनाची. पिनेची कुवत ३५ टनांची. मग पिना तुटतात कशा?

पहिलं कारण झीज. पिनेची ताकद जाडीच्या वर्गाने बदलते. तीस मिलिमीटरची पिन झिजून चोवीसवर आली, तर जाडी वीसच टक्के घटते, पण ताकद ३६ टक्के जाते. पिन हरवली म्हणून कुणी सोळा मिलिमीटरची सळई घातली, तर जाडी निम्म्याहून थोडी जास्त दिसते आणि ताकद उरते अवघी २८ टक्के.

दुसरं कारण झिजेपेक्षा भयंकर आहे.

चाळीस टनांचा झटका

ट्रॉली रुतली आहे. दुसरा ट्रॅक्टर आणून टोचन करायचं ठरतं. साखळी लावतात, ती ढिली सोडतात, ट्रॅक्टर थोडा मागे घेतात आणि झटका देतात. दोन टनांचा ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने पुढे जातो आणि साखळी ताठ होते. त्या क्षणी ट्रॅक्टरच्या अंगात असलेली ऊर्जा म्हणजे क्विंटलभराचं पोतं दोन मीटरवरून खाली पडल्यावर बसणारा दणका. ऐकायला फार नाही.

पण तो दणका किती अंतरात जिरतो, यावर सगळं ठरतं. नायलॉनचा जाड पट्टा असेल आणि तो मीटरभर ताणला गेला, तर सरासरी ओढ येते २०० किलो. साखळी, हूक, पिन सगळं मिळून दोन सेंटिमीटर दबलं, तर जवळपास दहा टन. सगळं लोखंड ताठ आहे आणि अर्धाच सेंटिमीटर दबलं, तर ३९ टन. ट्रॅक्टर तोच, वेगही तोच. एकीकडे दोन क्विंटल आणि दुसरीकडे चाळीस टन, दोनशेपट फरक!

३५ टनांची नवी पिन इथे सुताच्या दोऱ्यासारखी तुटते. आणि मघाच्या मागणीतला उलटा धडाही इथेच आहे. हूक जितका जाड आणि ताठ कराल, तितकी दणका जिरवायची जागा कमी होते आणि झटका वाढतो.

सहा लाख धक्के

तिसरं कारण दिसत नाही, ऐकू येत नाही आणि एके दिवशी अचानक भेटतं. शेत ते जिनिंग वीस किलोमीटर धरा. रस्त्यावर दर दहा मीटरला एखादा खड्डा, उंचवटा किंवा ब्रेकचा हिसका. जाऊन-येऊन चार हजार धक्के. कापूस, मुरूम, विटा, खत मिळून वर्षात दीडशे खेपा झाल्या तर सहा लाख धक्के. दोन वर्षांत बारा लाख.

लोखंड थकतं. एकाच ओढीने न तुटणारं लोखंड त्याहून कितीतरी लहान ओढ लाखो वेळा बसली की तुटतं. म्हणूनच यंत्राच्या भागांची चाचणी दहा लाख ते एक कोटी धक्क्यांपर्यंत घेतात. ही थकवा-भेग केसासारखी बारीक असते आणि बहुधा वेल्डच्या कडेला किंवा भोकाच्या काठावर जन्म घेते. तुटलेला हूक हातात घेऊन पाहा. छेदाचा काही भाग काळपट आणि गुळगुळीत दिसेल, उरलेला चकचकीत आणि खडबडीत. काळपट भाग कित्येक दिवसांपासून तुटत होता. चकचकीत भाग त्या दिवशी तुटला.

पिन ७३ टनांची, कान २९ टनांचे

समजा, लेथवाल्याकडून चांगल्या पोलादाची, ईएन-२४ ची पिन करून घेतली. तीच तीस मिलिमीटर जाडी, पण कुवत दुप्पट होऊन सुमारे ७३ टन. आता पिनेच्या शेजारी बघा. पिन ज्या दोन कानांत बसते, त्या पट्ट्या बारा मिलिमीटर जाड आहेत आणि भोकाच्या पुढे पंचवीस मिलिमीटर लोखंड उरलं आहे. दोन्ही कान मिळून फाटतात २९ टनांना.

कान जाड केले तर पाळी येते वेल्डची. सहा मिलिमीटरचा चांगला वेल्ड लांबीच्या दर मिलिमीटरला साधारण एक क्विंटल ओढ सोसतो. दहा सेंटिमीटर वेल्ड म्हणजे दहा टन. हा हिशेब चांगल्या वेल्डचा. वरून मणी सुंदर दिसतो आणि आत लोखंड वितळून एकजीव झालेलंच नसतं, अशा वेल्डचा हिशेब कुणी सांगू शकत नाही.

वेल्ड सोडून बोल्ट घेतले तर बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. '८.८' मधल्या पहिल्या आठचा अर्थ असा की एक चौरस मिलिमीटर साधारण ऐंशी किलोंना तुटेल. दुसरा आठ सांगतो की त्याच्या ऐंशी टक्क्यांना तो कायमचा ताणला जाईल. सोळा मिलिमीटरचा ८.८ चा बोल्ट पावणेतेरा टनांच्या आसपास तुटतो. त्याच जाडीचा ४.६ चा साधा बोल्ट सव्वासहा-साडेसहा टनांतच जातो. दिसायला जुळे भाऊ, ताकदीला एक बाप आणि एक लेकरू. बोल्टही भक्कम घातले, तर पुढे उभं आहे ट्रॅक्टरचं मागचं ओतीव बीडाचं घर. ते वाकत नाही, तडकतं. पिन काही रुपयांची, हे घर हजारोंचं. कारागिराचं "दुसरं काहीतरी" ते हेच.

पुढची चाकं हवेत

दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर उभं असताना साधारण ८०० किलो भार असतो. दोनचाकी ट्रॉली आपलं एक टन ओझं हुकावर टेकवते. हूक मागच्या आसाच्या साठ सेंटिमीटर मागे असेल, तर तरफेच्या नियमाने पुढचे सुमारे ३१५ किलो उचलले जातात. त्यात हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि ओढ दीड टन असेल, तर आणखी ३९५ किलो जातात. आठशेपैकी उरले नव्वद. स्टिअरिंग फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही.

आता कुणी मजबुतीच्या नावाखाली हूक नव्वद सेंटिमीटर उंचीवर बसवला. उचल होते १,०२५ किलोंच्या पुढे. आठशे किलो कधीच संपले, ट्रॅक्टर घोड्यासारखा दोन पायांवर उभा राहतो आणि चालकावर उलटतो. शंभर वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर असेच उलटत. हॅरी फर्ग्युसन यांनी १९२० च्या दशकात अवजार तीन ठिकाणी जोडायची जी रचना काढली, ती पुढची चाकं जमिनीवर टेकवून ठेवते. आजही जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे तेच तीन सांधे दिसतात. कंपनीने हूक खाली का बसवला, याचं उत्तर या इतिहासात आहे.

थांबण्याचं गणितही ऐका. ताशी तीस किलोमीटरने चाललेला मोकळा ट्रॅक्टर मागच्या ब्रेकवर दहा मीटरांत थांबतो. मागे बिनब्रेकची आठ टनांची ट्रॉली असेल तर सत्तावीस मीटर लागतात, वेग चाळीस असेल तर अठ्ठेचाळीस. हूक कितीही भक्कम करा, यातला एक मीटरही कमी होत नाही.

साडेतीन किलोमीटरची गाडी

आर्णीला रेल्वे नाही. जिल्ह्याच्या आठवणीतली गाडी म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूरची 'शकुंतला', ७६२ मिलिमीटर रुंदीच्या अरुंद रुळांवरची. पण रुळांवरचे आकडे पाहिले की जोडणीचं शेवटचं गुपित उलगडतं.

१५ ऑगस्ट २०२२ ला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने 'सुपर वासुकी' ही मालगाडी छत्तीसगडातल्या कोरब्याहून राजनांदगावला आणली. २९५ डबे, साडेतीन किलोमीटर लांबी, सुमारे २७,००० टन भार. म्हणजे आपल्या मुरमाच्या ३,३७५ ट्रॉल्या. सपाट रुळांवर टनाला दोन किलो ओढ धरली तर ५४ टन लागतात. दोनशे मीटरला एक मीटर चढ आला की आणखी १३५ टन. सगळी इंजिनं पुढेच असती, तर पहिल्या जोडणीवर १९० टनांच्या घरात ओढ आली असती. रेल्वेने हूक जाड केला नाही. पाच मालगाड्या एकापाठोपाठ जोडल्या आणि ओढ सहा इंजिनांत वाटून दिली. ७ ऑगस्ट २०२५ ला धावलेल्या 'रुद्रास्त्र'ने तोच कित्ता गिरवला : ३५४ डबे, साडेचार किलोमीटर, सात इंजिनं.

ऑस्ट्रेलियात २१ जून २००१ ला लोहखनिजाची एक गाडी धावली. ६८२ डबे, लांबी ७.३५ किलोमीटर, वजन ९९,७३४ टन. तिच्या आठ इंजिनांना गाडीभर विखरून ठेवलं होतं आणि चालक होता एकच. जगातली सर्वांत लांब आणि जड गाडी चालली ती जोडण्यांवरचा भार कमी केला म्हणून.

आपल्या आजोबांनाही हे ठाऊक होतं. ओझं वाढलं की ते जू जाड करत नव्हते, बैलांची दुसरी जोडी जुंपत होते.

हिशेबाचा हिशेब

तेव्हा हंगामाआधी हूक बदलायचा असेल तर जरूर बदला, पण ट्रॅक्टरच्या कंपनीने दिलेल्या जागी, दिलेल्या उंचीवर आणि दिलेल्या ओझ्यापुरता. पिन मोजा. तीसची सत्तावीस झाली असेल तर एकोणीस टक्के ताकद गेली आहे, तिला भंगारात टाका. बोल्टच्या डोक्यावर ८.८ वाचल्याशिवाय तो घेऊ नका. पिनेला खालून चाबी लावा आणि ट्रॉली व ट्रॅक्टर यांच्यात वेगळी सुरक्षा-साखळी बांधा, म्हणजे पिन गेली तरी आठ टन मोकाट सुटणार नाहीत. टोचन करताना झटका देऊ नका. आधी साखळी ताठ करा, मग हळूच ओढा, आणि साखळीच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

दीड ब्रासाऐवजी एकच ब्रास भरला तर ट्रॉलीचं वजन आठ टनांवरून सहा टनांवर येतं, आणि पिन, कान, वेल्ड, बोल्ट या सगळ्यांवरचा ताण एकदम पंचवीस टक्क्यांनी उतरतो. इतका मजबूत हूक कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि याला पैसेही लागत नाहीत.